टंगस्टनवरची लव

तात्या, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही. फोटोसमोर उभं राहून पुटपुटायची मला सवय नाही, आणि फोटोही आता थोरल्या भावाच्या घरी आहे. लिहायची तर त्याहून सवय नाही. चौथीनंतर पाटी सुटली, त्यानंतर हातात पेन धरलं ते बँकेत सही करायला आणि गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहायला. म्हणून अक्षर कसंही येईल, चालवून घ्या. वीस-बावीस वर्षांनी लिहितेय ते सुखदुःखाचं नाही, कामाचं आहे. माझ्या हातून एक काम बिघडलं, आणि ते कसं बिघडलं हे अर्ध्या शब्दात कळेल असं माणूस मला पाहिजे होतं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "रुपयाएवढ्या चकतीपायी त्वांड पाडून काय बसलीस? ऊठ, भाकरी टाक." मी उठले, भाकरी टाकल्या. तोंड पाडलेलं नव्हतंच, माझं तोंड आहेच असं. पण त्याला सांगून काही हललं नाही. मग तुम्ही आठवलात.

आधी मी करते काय ते सांगते. नगरला एमआयडीसीत सहा-सात माणसांचं एक वर्कशॉप आहे, तिथं मी पॉलिशला आहे. नगरचं नाव आता बदललंय, पाट्यांवर अहिल्यानगर लिहितात, पण कंडक्टरला तिकीट मागताना नगरच तोंडात येतं. कामाला लागले होते झाडायला. एक दिवस पॉलिशवाला आला नाही आणि मालक हातात एक डाय, म्हणजे लोखंडी साचा, घेऊन शिव्या देत फिरत होता, गिऱ्हाईक दारात उभं. मी झाडू टेकवला आणि म्हणाले, "द्या हिकडं." तो हसला. संध्याकाळी डाय परत दिली तेव्हा हसला नाही. कारण मला तुम्ही शिकवलेलं होतं. लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही भांड्यांच्या जोडीला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात धातू घासायचे एमरी पेपर दिले, जाड ते बारीक, नंबरवारी लावून. आई केवढी चिडली होती, "पोरीला सासरी धाडताय का कारखान्यात?" सासूनं डबा उघडून वास घेतला, "खायाचं न्हाई व्हय" म्हणाली आणि बाजूला सरकवला. त्या पेपरांनी मी सासरचे विळे, अडकित्ते, सुताराचा रंधासुद्धा घासला. पेपर संपले. पण मागच्या नंबरच्या रेघा पुढच्या नंबरानं आडव्या मारून काढायच्या, मागची रेघ पुरती मेल्याशिवाय पुढचा कागद धरायचा नाही, आणि मधून मधून बोट फिरवून बघायचं, हे डोक्यात राहिलं. आता माझ्यापुढं फिरतं चाक आहे, हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट आहे, भिंगाचा दिवा आहे. पण मी करते ते तुमचंच.

दिवाळी होऊन गेल्यावर एक पोरगी आली. पारनेरकडची, घरी शेती, आणि शिकत शिकत गुजरातेत कुठल्याशा प्रयोगशाळेत जाऊन पोचलेली. पंचविशी ओलांडलेली, केस आखूड, पायात गड्यासारखे बूट. मालकाशी बोलून झाल्यावर माझ्या टेबलापाशी आली आणि रुमाल सोडून चार चकत्या मांडल्या. मी एक उचलली तर हात खालीच गेला, एवढीशी वस्तू आणि लोखंडाच्या दुपटीहून जड.

"काय गं ह्ये? शिसं?"

"टंगस्टन, मावशी. जुन्या पिवळ्या बल्बात तार असायची ना, ती याचीच. कितीपण तापवा, वितळत नाही."

"मग आरशागत कशाला करायची? नथीत बसवनार का?"

"सूर्याच्या तोंडाला लावायचीय," म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. मला थट्टा करणारी माणसं कामाच्या वेळी चालत नाहीत, मी चाक चालू केलं. तर तिनं स्टूल ओढून घेतलं आणि चाकाच्या आवाजावर ओरडून सांगायला लागली. शेवटी मीच बटण बंद केलं. तिनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगते, तुमचा जन्म साखर कारखान्यात गेला, तुम्हाला बॉयलर ठाऊक आहे, अवघड जायचं नाही. सूर्य जसा जळतो तसा जाळ माणसांना एका भांड्यात पेटवायचाय, त्यावर वीज करायची. तो जाळ म्हणजे ज्योत नाही, तापून तापून फाटलेला वायू, त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या पोटापेक्षाही गरम. त्याला धरील असं भांडं जगात नाही, म्हणून मोठमोठी लोहचुंबकं लावून त्याला अधांतरी धरायचा, भिंतीला टेकू द्यायचा नाही. पण चूल म्हटली की राख आलीच. या जाळाची राख म्हणजे हेलियम, जत्रेतल्या फुग्यात भरतात तो गॅस. ती राख तळाच्या बाजूनं बाहेर काढतात, आणि जिथं ती येऊन आदळते तिथं टंगस्टनच्या फरशा बसवतात. दुसरं काही तिथं टिकत नाही. आता टंगस्टनही टिकतं का, हे बघायचं तिचं काम. खरा सूर्य तिच्याकडं नाहीच, नुसती त्याची राख मारून बघायचं मशीन आहे.

"मग काय हुतं टंगस्टनला?" मी विचारलं.

"हेलियम कुणाशीच बोलत नाही, मावशी. धातूत शिरतो, पण धातूत मिसळत नाही. मग आत एकमेकांना धरून बसतो, त्याचे बारीक बारीक फुगे होतात. फुगे वाढले की वरचा थर उचलतात."

"म्हंजी भाकर फुगती तसं."

ती थांबली. "कसं?"

"वाफंला बाहेर निघाया जागा न्हाई घावली की पापुद्रा वर येतो. तुज्या टंगस्टनचा पापुद्रा सुटतोय."

"आमच्या सरांना हे आम्हाला समजवायला दोन तास लागले होते."

"त्यांनी भाकरी थापल्या नसत्याल."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की लेथवरचा गडी वळून बघायला लागला. मला ती पोरगी आवडली, एवढंच लिहिते. मला माणसं सहसा आवडत नाहीत. चार चकत्यांतली एक निव्वळ टंगस्टनची होती. बाकी तिन्हीत दुसऱ्या एका धातूची चिमूट घोळलेली, एकीत कमी, एकीत जास्त, एकीत सगळ्यात जास्त. ओळखायला पाठीमागं ठिपके कोरलेले. निव्वळला ठिपका नाही, बाकीच्यांना एक, दोन, तीन. चौघींना सारखाच ताव द्यायचा, सारखाच वेळ राख मारायची, आणि बघायचं कुठली तग धरते. चिमूट वाढवत नेली तर धातू टिकेल असा तिचा अंदाज होता. मशीनवर तिचा नंबर लागायला एक वर्ष गेलं होतं. चार वर्षांचं तिचं शिक्षण या चार चकत्यांवर येऊन उभं होतं आणि ती मला म्हणत होती, "मावशी, एकही रेघ राहू देऊ नका, रेघ राहिली तर राख तिथं जास्त खाते."

रेघ राहू दिली नाही. आठ दिवस घेतले. टंगस्टन पॉलिशला हट्टी, कडेला जोर पडला की कपचा उडतो. चौघी झाल्या तेव्हा चारीत माझं तोंड दिसलं.

शिमगा होऊन गेल्यावर चकत्या परत आल्या. कुरियरनं एक डबी, आत स्पंजमध्ये चार खाचा, वर एक इंग्रजी चिठ्ठी. पोरगी दोन दिवसांनी येणार होती. तोवर काय करायचं ते मालकानं मला सांगितलं, चकत्या वायरकटवर, म्हणजे तारेनं कापायच्या मशीनवर, मधोमध कापून घ्यायच्या आणि कापलेली कड मी पॉलिश करायची, म्हणजे आतले फुगे तिला दिसतील. चिठ्ठी त्यानंही वाचली नाही, तो पुण्याला निघाला होता. मला इंग्रजीतले आकडे वाचता येतात आणि 'ओके' वाचता येतं. मी डबी उघडली. मला वाटलं होतं भाकरीगत फोड आलेले दिसतील. फोड कुठंच नव्हते. चारी चकत्या काळ्या. नुसत्या काळ्या नाही, चुलीवरच्या तव्याची पाठ असते तशा, उजेड गिळणाऱ्या. मी केलेला आरसा कुठं गेला ते कळेना. मागं एकदा दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नग असेच काळे होऊन आले होते, त्यांच्या पंपाचं तेल जळून बसलं होतं, आणि मी साफ केल्यावर ते लोक खूष झाले होते. कापायच्या आधी नग साफ पाहिजे, हा आमच्याकडचा नियमच आहे. मी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवला आणि एक चकती पुसली. बोळा काळा झाला, खाली राखाडी धातू लागला. तो मळकट दिसायला लागला म्हणून चाकावर धरून दोन हात मारले. चकाकली. मग दुसरी घेतली, तीही पुसली, तिलाही दोन हात मारले. तेवढ्यात आतून हाक आली, कुणाच्या तरी डोळ्यात कण गेला होता, मी उठले. परत आले तेव्हा जेवायची सुट्टी झाली होती. दुपारी दुसरं तातडीचं काम आलं, बाकीच्या दोन तशाच राहिल्या, कापायचंही राहून गेलं.

पोरगी आली ती पाठीवरची पिशवी न काढता डबीकडं गेली. झाकण उघडलं. दोन काळ्या, दोन चकाकत्या. तिनं चिमट्यानं एक चकाकती उलटी केली. ठिपका नव्हता.

"ही तर निव्वळ आहे," ती स्वतःशीच बोलली. "हिच्यावर नाही असं होऊच शकत नाही."

"काय न्हाई?"

तिनं लॅपटॉप उघडून फोटो दाखवला, असल्याच जुन्या एका चकतीचा, कितीतरी हजारपट मोठा केलेला. मला आधी वाटलं गवत आहे. मग वाटलं शिळ्या भाकरीवरची बुरशी. बारीक बारीक तंतू, एकमेकांत गुंतलेले, आणि ते कशाचे तर टंगस्टनचेच. ती म्हणाली, राख मारत राहिलं आणि ताव पुरेसा असला की आतले फुगे धातूला वर ढकलत राहतात, ढकलत राहतात, आणि फोड नुसते फुटून थांबत नाहीत, धातू असा वर उगवतो. उजेड त्यात अडकतो म्हणून काळं दिसतं. आणि हीच खरी भीती, हे तंतू नाजूक असतात, मोडून जाळात पडले तर जाळच थंड होतो. "इंग्रजीत फझ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं ते मला सापडत नाही, गावातल्या शाळेत बोलायला बोलावलंय मला."

"लव म्हन," मी म्हणाले. "पोरींच्या गालावर आसती तशी."

"लव," ती म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं. ती लिहीत होती तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मी लगेच बोलले, तात्या. एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. "ती म्या पुसली," म्हणाले. "काजळी समजून पुसली. चिठ्ठी वाचता आली न्हाई."

तिच्या हातातलं पेन तिथंच राहिलं. ती स्टुलावर बसली. ओरडली असती तर मला बरं पडलं असतं, ओरडणाऱ्या माणसाला मला ओरडता येतं. ती नुसती बोळ्यांच्या डब्याकडं बघत होती, जसं काय त्यातून उचलून परत लावता येईल. मग तिचा हात दुसऱ्या चकाकत्या चकतीकडं गेला. उलटी केली. तीन ठिपके. तात्या, मी तिचं तोंड बघत होते. एक ठिपका काळी होती, दोन ठिपके काळी होती, आणि तीन ठिपक्यांची स्वच्छ. तिनं चार वर्षं जे मनात धरलं होतं तसंच.

"मावशी," ती हळू बोलली, "ही? ही पण पुसलीत का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"ही अशीच आली?"

"व्हय. अशीच आली."

ती हसली, मग रडली, मग माझ्या गळ्यात पडली. माझे हात पेस्टनं भरलेले होते म्हणून मी ते लांब धरून उभी राहिले. मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे.

त्या दिवशी शेअर रिक्षात बसून घरी जाताना तुमचा साखर कारखाना आठवला. तुम्हाला आठवत असेल का माहीत नाही. मी दहा-अकरा वर्षांची आहे, डबा घेऊन आलेय. हंगाम संपलेला, गाळप बंद, मिलचे रोलर उघडून ठेवलेत. तुम्ही दोन दिवस एका बेअरिंगमागं लागलाय. रोलरच्या मानेला निळा रंग लावायचा, चेनकप्पीनं रोलर खाली घ्यायचा, थोडा फिरवायचा, परत उचलायचा, आणि बेअरिंगच्या पितळेच्या वाटीत निळं कुठं कुठं उठलं ते बघून तेवढंच खरवडायचं. ब्लू मॅचिंग म्हणत होतात तुम्ही. पण ते मला तेव्हा कुठं माहीत. तुम्ही हात धुवायला गेलेले आहात. मला दिसते ती एक सोन्यासारखी पिवळी वाटी आणि तिच्यात निळे घाण डाग. मी चिंधी घेते आणि घासून घासून सगळं स्वच्छ करते, तुम्ही खूष होणार म्हणून. तुमच्या आधी फोरमन येतो. "कुनी पुसलं ह्ये?" त्याच्या आवाजानं मी खांबाला चिकटते. तुम्ही ओले हात घेऊन येता, वाटी बघता, माझ्या हातातली निळी चिंधी बघता. "म्याच पुसलं, सायेब. ध्यानात न्हाई ऱ्हायलं." फोरमन सगळ्यांदेखत म्हणतो, "इतकी वर्सं झाली, फिटर हायेस का हमाल?" आणि तुम्ही परत रोलर खाली घ्यायला कप्पीची साखळी धरता. सायकलच्या नळीवर बसवून घरी आणताना एवढंच बोललात, "त्ये डाग नव्हतं, बाय. त्ये लिवलेलं हुतं." मारलं नाहीत. घरी कुणाला सांगितलं नाहीत. मी पण कधी स्वतःहून म्हणाले नाही की मी पुसलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही, आणि मग तुम्ही गेलात. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडू आलं नाही. बायका म्हणत होत्या, बाप गेला तरी हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई. मी ओसरीवर सांडलेला चहा पुसत होते.

पुढचं पटपट सांगते. आठ दिवसांनी पोरगी पेढे घेऊन आली. तिच्या सरांनी तीन ठिपक्यांची चकती बघितली होती, तिचा फोटो काढला होता, एक तंतू नाही. मालकाला त्याच धातूच्या आणखी चकत्यांचं काम मिळणार होतं, तो मला "आमच्या बाई" म्हणायला लागला. मी पेढा खाल्ला. चांगला होता. मनात एकच धरून बसले होते, की वरचं मी पुसलं तरी आतलं काही मी पुसलेलं नाही, लवेच्या मुळाशी फुगे असणारच, कुणीतरी शहाणा ती चकती कापून बघेल आणि मला बोलावं लागणार नाही. रोज कामावर जायचे आणि आज फोन आला असेल म्हणून मालकाच्या तोंडाकडं बघायचे. फोन आला तो पोरीचा, माझ्याच मोबाईलवर. "मावशी, ती चकती मी कापणार नाही, आहे तशी जपून ठेवायची म्हणतात सर. आणि आता सगळ्यांसमोर हे मांडायचंय, मोठमोठी माणसं येणार आहेत. शेवटी आभार असतात ना, त्यात तुमचं नाव घालतेय. पॉलिश तुमची. नाव नीट सांगा, आडनावासकट."

मी तिला नाव सांगितलं नाही. म्हणाले, "रेंज न्हाई," आणि फोन ठेवला. रेंज होती. माझं नाव आजवर रेशनकार्डावर आहे आणि लग्नाच्या पत्रिकेत होतं. आणखी एका ठिकाणी येणार होतं, आणि ते पुसलेल्या चकतीखाली. पोरगी पुढं मोठी झाली असती, आणि कधीतरी खऱ्या भांड्याच्या तळाला कुणी त्या धातूच्या फरशा लावल्या असत्या, आणि त्या काळ्या पडल्या असत्या, आणि सगळ्यांनी तिच्याकडं बोट दाखवलं असतं. एवढं मला कळत होतं. चौथी शिकलेलीला पण कळतं.

ती सुट्टीला घरी आल्याचं कळलं तशी रविवारी मी पारनेरची एसटी धरली. घर विचारत विचारत गेले. पोरगी स्वयंपाकघरात खाली बसून कैऱ्या चिरत होती, तिची आई गॅसवर चहा ठेवत होती. "अगंबाई, पॉलिशवाल्या मावशी!" पोरगी उठली, पाट दिला. मी पाट घेतला नाही, उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर चहा आला असता, चहा आला असता तर गप्पा झाल्या असत्या, आणि मी परत गेले असते. मी म्हणाले, "तीन ठिपक्याची बी म्याच पुसली. ती काळीच हुती. बाकीच्यांवानी."

विळी तशीच राहिली. चहा उतू गेला, गॅस तिच्या आईनं बंद केला. पोरीनं एकदाच विचारलं, "नक्की?"

"नक्की. पुसली आन् चाकावर धरली."

तिची आई माझ्याकडं वळली. साधी बाई, माझ्याच वयाची. "आवं मग तवाच का न्हाई बोलला? लेकरानं गावभर पेढं वाटलं. त्वांड शिवलं हुतं का तुमचं?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"आई, गप," पोरगी म्हणाली. हात पुसून ती मोबाईल घेऊन अंगणात गेली. आम्ही दोघी आत. तिची आई कैऱ्या चिरायला बसली, मी उभी. अंगणातून ऐकू येत होतं ते निम्मं इंग्रजी होतं. मला कळला तो आवाज. आधी भराभर, मग हळू, मग नुसतं "हो सर, हो सर". आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण पुसून आली होती. म्हणाली, सगळ्यांसमोर मांडायचं ते रद्द. नवीन चकत्या करायच्या, मशीनवर परत नंबर लावायचा. वर्ष जाईल. कदाचित जास्त.

"चकत्या म्या करीन," मी म्हणाले. "कायबी न घेता. सुट्टीच्या दिवशी करीन."

ती मला एसटी स्टँडवर सोडायला आली, तिच्या त्या गड्यासारख्या बुटांत, माझ्या पुढं चार पावलं चालत. गाडी लागलेली होती. मी चढले, खिडकीशी बसले. ती खिडकीखाली उभी राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. तुम्हाला माहीत नव्हतं. काजळी वाटली, पुसलीत. माहीत असतं तर तुम्ही हात लावला नसता."

मी मान हलवली. गाडी निघाली. तिनं मला त्या एका गोष्टीवर माफ केलं, की मला माहीत नव्हतं. ती तेवढंच धरून घरी गेली आणि मी तिला तेवढंच धरून जाऊ दिलं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, तुमचा पत्ता नाही. माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली जातील आणि कुणी वाचायच्या आधी वाळवी खाईल. म्हणून इथं लिहिते. पहिली चकती पुसून झाल्यावर तिच्या कडेला थोडं काळं राहिलं होतं, त्यावर मी बोट फिरवलं, सवयीनं. तेल जळून बसलं की ते चिकट लागतं. काजळी ओशट लागते, बोटाच्या रेघांत भरते. हे कोरडं होतं, बाजरीच्या पिठाहून कोरडं, दोन बोटांत चोळलं तर नुसतं उडून गेलं. माझ्या हाताला कळलं की हे तेल नाही, काजळी नाही, हे बाहेरून येऊन बसलेलं नाही, धातूचंच काहीतरी आहे. मालकाला फोन लावावा, पोरीला विचारावं, असं मनात आलं. मग वाटलं, कोण फोन लावणार, कोण थांबणार, एक तर पुसून झालीच आहे. आणि दुसरी उचलली.

पहिलीच्या वेळी मला माहीत नव्हतं, तात्या. दुसरीच्या वेळी होतं.